क्लचला केबल की हायड्रॉलिक? गिअरबॉक्स बदलणाऱ्यांचे अनुभव

जुन्या जीपमध्ये, जिप्सीत किंवा मूळच्या ऑटोमॅटिक गाडीत दुसरा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना आपण इंजिन माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि गिअर लिव्हरची जागा यांवर महिनोन्महिने खल करतो. क्लच मात्र ‘शेवटी बघू’ म्हणून मागे पडतो आणि सगळे काम झाल्यावर तोच गाडी अडवून ठेवतो. पायाचा जोर क्लचपर्यंत तारेच्या केबलने न्यायचा की पाइपातल्या तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिकने, हा त्यातला मुख्य प्रश्न. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा उभे राहून करून घेतले आहे, त्यांनी काय निवडले, कशासाठी निवडले आणि पुढे काय झाले, ते शक्यतो मापांसह लिहावे ही विनंती. सुरुवात मी करतो.

पुणे (धागाकर्ता)

माझ्या जीपचा क्लच दांड्यांवर चालत असे. पेडलपासून निघालेला दांडा चेसिसवरच्या आडव्या शाफ्टला आणि तिथून दुसरा दांडा क्लच फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या फाट्याला, जोडलेला होता. डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मऊ रबरांवर बसवल्यानंतर पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना जीप उड्या मारू लागली, कारण इंजिन हलले की चेसिस आणि फोर्क यांच्यातले अंतर बदलत होते आणि पाय स्थिर असूनही क्लच लागत-सुटत होता. केबल किंवा लवचिक पाइपचे हायड्रॉलिक, या दोन्हींनी हा दोष गेला असता. नव्या बेल हाउसिंगवर (क्लच झाकणाऱ्या कवचावर) स्लेव्ह सिलिंडरची, म्हणजे फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरची, जागा तयारच असल्याने मी हायड्रॉलिक घेतले.

चूक पुढे झाली. स्लेव्ह सात सुती, म्हणजे ७/८ इंच व्यासाचा, होता (एक सूत म्हणजे १/८ इंच). मास्टर, म्हणजे पेडलने दाबला जाणारा सिलिंडर, सहा सुती हवा असताना दुकानात मिळाला म्हणून मी पाच सुती लावला. पेडल लोण्यासारखे मऊ झाले, पण रिव्हर्स टाकताना दर वेळी खर्रकन आवाज येई. आठ दिवस पाइपातली हवा काढण्यात घालवल्यावर गणित मांडले. मास्टरचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरकला, तर सहा सुती मास्टर त्या स्लेव्हला २२ मिलिमीटर ढकलतो आणि पाच सुती जेमतेम १५. माझ्या फोर्कची गरज १८ मिलिमीटरची होती. ती मोजणे अगदी सोपे निघाले: मागचे एक चाक जॅकवर उचलले, गाडी गिअरमध्ये ठेवली, मित्र खाली झोपून प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवत राहिला आणि मी टॉमीने, म्हणजे छोट्या पहारीने, फोर्क हळूहळू ढकलला. शाफ्ट मोकळा झाला तिथे खडूने खूण केली. सुटे भाग विकत घेण्याआधी हे एवढे तरी प्रत्येकाने करावेच.

सातारा

माझ्या ९७० सीसीच्या जिप्सीत १३०० चे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आहे. दोन्हीकडे मुळात केबलच असल्याने ती तशीच ठेवली आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. एका पावसाळ्यात वरंध घाटात केबल पेडलजवळ तुटली. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला, स्टार्टरवरच गाडी पुढे घेतली आणि थोड्या रुंद जागी बाजूला लावली. जवळची जादा केबल पाऊण तासात बसवली. आदल्या आठवड्यापासून पेडल किंचित खरखरत होते, म्हणजे आतल्या तारा एकेक करून तुटत होत्या, हे जुनी केबल हातात घेतल्यावर उमगले. ज्यांना आडवाटेला जायचे आहे त्यांनी आपल्याला रस्त्यात काय दुरुस्त करता येईल, याचाही विचार करावा.

मिशिगन, अमेरिका

इथे फॉक्स-बॉडी मस्टँगमध्ये, म्हणजे १९७९ ते १९९३ च्या पिढीत, ऑटोमॅटिक काढून टी-५ हा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स बसवणे पुष्कळ चालते. फोर्डने मस्टँगला केबल २००४ पर्यंत ठेवली होती, त्यामुळे सुटे भाग मुबलक मिळतात. माझ्या १९८९ च्या गाडीत मी पेडलवरचा, केबल ओढणारा प्लॅस्टिकचा दातेरी क्वाड्रंट (चाकाच्या तुकड्यासारखा भाग) काढून अॅल्युमिनिअमचा लावला आणि ताण कमीजास्त करण्यासाठी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) अॅडजस्टर बसवला. पेडल सुरेख झाले. तीन आठवड्यांत मात्र ते इतके जड झाले की सिग्नलला पाय थरथरू लागे. केबल एक्झॉस्टपासून दूर होती, तरीही बाहेर काढल्यावर आतले अस्तर वितळलेले दिसले. बॉक्स उतरवताना सोडलेली इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी परत जोडायची राहिली होती. दिवे, पंखा, पेट्रोलचा पंप या सगळ्यांचा परतीचा प्रवाह क्लच केबलच्या पोलादातून जात होता. पट्टी जोडली, नवी केबल टाकली आणि पेडल पूर्ववत झाले. हायड्रॉलिकमध्ये रबरी पाइप असेल तर हा धोका नाही, पण केबल ठेवणाऱ्यांनी अर्थ आधी तपासावा.

पिंपरी

माझा बॉक्स एका मोठ्या एसयूव्हीतून काढलेला होता आणि त्याचा स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसणारा होता. फोर्कच नाही, म्हणून केबलचा प्रश्नच आला नाही. चार महिन्यांत गळती सुरू झाली आणि एका सीलसाठी अख्खा बॉक्स खाली घ्यावा लागला. प्रेशर प्लेटची बोटे (क्लच दाबून धरणाऱ्या प्लेटच्या स्प्रिंगची टोके) आणि त्यांना ढकलणारे बेअरिंग यांच्यातले अंतर न मोजताच मी बॉक्स चढवला होता, त्यामुळे दट्ट्या गरजेपेक्षा जास्त बाहेर येत होता. हे अंतर शून्यही चालत नाही, कारण क्लच प्लेट झिजत गेली की बोटे गिअरबॉक्सकडे सरकतात आणि दट्ट्याला मागे जायला जागा लागते. असा स्लेव्ह असेल तर हवा काढण्याचा निपल पाइप लावून बाहेर आणून ठेवा.

कोल्हापूर, उद्यमनगर

माझे गॅरेज आहे. पुण्याच्या साहेबांनी चाल मोजण्याचे सांगितले ते योग्यच आहे, त्यात फक्त फायरवॉलची भर घालतो. केबलच्या गाडीत हायड्रॉलिकचा मास्टर बसवला की पायाचा सगळा जोर पातळ पत्र्यावर येतो. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे; मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे झुकताना दिसला, तर तेवढी चाल वाया जात आहे. आम्ही आतून तीन मिलिमीटरची प्लेट लावून ती पेडलच्या ब्रॅकेटला जोडतो. मास्टरचे तोंड (पाइप जोडायचे टोक) वर राहिले तर हवा तिथेच अडकते. अशा वेळी मास्टर सोडून तोंड खाली करून हवा काढावी. आणि हायड्रॉलिक क्लचमध्ये भरलेले ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.