जत-आटपाडीकडच्या खताच्या दुकानांचा नकाशा: ठिकाणं कुठून घ्यायची, कशी गाळायची?

शिवार_जत

नमस्कार मंडळी. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. आमच्या संचालक मंडळाला सांगली जिल्ह्यातल्या जत, कवठेमहांकाळ आणि आटपाडी या तीन तालुक्यांचा एक नकाशा हवाय. कुठल्या गावाला खताचं दुकान किती लांब पडतं ते त्यात दिसलं पाहिजे. कंपनीचं स्वतःचं विक्री केंद्र कुठे काढायचं ते त्यावरून ठरणार आहे.

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मला बऱ्यापैकी येतं. अडलंय ते दुकानांच्या माहितीवर. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावरून क्विकओएसएम प्लगिनने ‘शॉप’ या टॅगची ‘ॲग्रेरियन’ (शेतीच्या सामानाचं दुकान) ही व्हॅल्यू मागवली, तर अख्ख्या जत तालुक्यात बोटांवर मोजावीत एवढीच दुकानं आली. ओव्हर्चर मॅप्सचा ‘प्लेसेस’ हा ठिकाणांचा खुला संच डकडीबी या डेटाबेसच्या साधनाने उतरवला. त्यात भरपूर आहेत, पण खताचं दुकान, ट्रॅक्टरचं शोरूम, ड्रिपवाला, अडत दुकान, सगळी खिचडी. फोरस्क्वेअरच्या खुल्या संचात हॉटेलंच जास्त. तिन्ही एकत्र केले तर एकच दुकान दोनदा-तीनदा येतंय.

मूळ संच कुठला धरू? कॅटेगरीवर गाळू की नावावर? ओव्हर्चरमध्ये शून्य ते एक असा कॉन्फिडन्सचा आकडा असतो, तो कितीच्या वरचा घ्यावा?

पिनपॉइंट

एवढा खटाटोप कशाला? गूगल मॅपवर ‘कृषी सेवा केंद्र’ टाका, स्क्रेपर (पानावरची माहिती आपोआप उचलणारं साधन) लावा, एका संध्याकाळी एक्सेल तयार.

खुला_नकाशा

@पिनपॉइंट, तसं करू नका. गूगलच्या अटींत स्क्रेपिंगला परवानगी नाही. पैसे भरून एपीआय (माहिती मागवायची गूगलची अधिकृत सोय) वापरला तरी प्लेस आयडी, म्हणजे ठिकाणाचा ओळख क्रमांक, सोडून बाकीची माहिती आपल्याकडे कायमची साठवता येत नाही. कंपनीच्या नावाने नकाशा निघणार असेल तर हे आधीच बघायला हवं.

ताईंनी घेतलेल्या तिन्ही संचांना ती अडचण नाही. ओपनस्ट्रीटमॅपला ओडीबीएल परवाना आहे, म्हणजे श्रेय द्यायचं, आणि त्यातून नवा डेटाबेस तयार करून जाहीर केला तर तोही त्याच परवान्याखाली खुला करायचा. फोरस्क्वेअरने नोव्हेंबर 2024 मध्ये आपला संच अपाची 2.0 परवान्याखाली सोडला. एक सूचना: प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, एकदा सगळं मिसळलं की नंतर वेगळं काढता येत नाही.

माजी_टेरिटरी

ताई, मी नकाशावाला नंतर झालो. आधी खत कंपनीत सेल्सला होतो आणि टेरिटरी हीच, मिरजेपासून उमदीपर्यंत. त्यामुळे उत्तर दुकानाच्या बाजूने देतो.

कुठला संच मूळ धरायचा, तर तिन्हींपैकी एकही नाही. हे संच कुठे काय आहे ते सांगतात, पण सगळं सांगतात असं नाही. तुम्हाला हवंय ते ‘इथे दुकान नाही’ हे ठामपणे सांगणारं काहीतरी. नकाशावर रिकामी दिसणारी जागा खरंच रिकामी असेलच असं नाही. संखला (जत तालुक्यातलं गाव) कुणी मॅपर फिरकला नसेल तर संखचं दुकान तिथे दिसणार नाही, पण दुकान आहेच.

म्हणून यादी एकीकडून घ्या आणि जागा दुसरीकडून. अनुदानित खत, म्हणजे युरिया, डीएपी, पोटॅश, 10:26:26 वगैरे, पॉस मशीनवर, म्हणजे दुकानातल्या विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, नोंद केल्याशिवाय विकता येत नाही; गिऱ्हाइकाची ओळख बहुतेक वेळा आधारच्या अंगठ्याने पटवतात. कंपनीला अनुदान मिळतं ते त्या मशीनवर विक्रीची नोंद झाल्यावर. 2018 पासून देशभर हीच पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक किरकोळ विक्रेत्याला एक एमएफएमएस आयडी (खत विक्रीच्या सरकारी प्रणालीतला ओळख क्रमांक) असतो, आणि केंद्राच्या खत विभागाच्या ई-उर्वरक संकेतस्थळावर जिल्हा निवडला की विक्रेत्यांची नावं आणि शिल्लक साठा दिसतो. अक्षांश-रेखांश नाहीत, पण हजेरीपट म्हणून याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. त्यातले होलसेलर बाजूला काढा. कारण त्यांच्या गोडाऊनवर शेतकऱ्याला एक पोतं मिळत नाही.

ही यादी उघडली की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरेल: त्यातले बरेच विक्रेते दुकानदारच नाहीत. विकास सोसायट्या आहेत, खरेदी-विक्री संघ आहेत, साखर कारखान्यांच्या संस्था आहेत. गावच्या सोसायटीचं खत चावडीशेजारच्या एका खोलीतून निघतं, बाहेर बोर्ड असला तर ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था’ असा. कुठल्याही नकाशाच्या संचात ती ‘दुकान’ या कॅटेगरीत सापडणार नाही. सापडलीच तर बँक म्हणून किंवा सरकारी कचेरी म्हणून. तुम्ही कॅटेगरीवर गाळलंत की नेमकं गरीब शेतकऱ्याचं काउंटर चाळणीतून खाली पडतं.

आता ‘खत’ म्हणजे काय तेही संचालक मंडळाकडून लिहून घ्या. कवठेमहांकाळचा द्राक्षवाला आणि आटपाडीचा डाळिंबवाला 19:19:19 नि 0:52:34 वर जगतो. पाण्यात विरघळणाऱ्या त्या खतांना अनुदान नाही, म्हणून पॉस नाही. ‘ॲग्रो क्लिनिक’ नावाने फक्त तेच आणि औषधं विकणारी दुकानं ई-उर्वरकच्या यादीत नसतील. मी असतो तर दोन वेगळे थर केले असते: एक पोत्यांचा, एक ड्रिपच्या खताचा. दोन्ही एकत्र टाकले तर ज्वारी-बाजरीच्या गावाला दुकान जवळ आहे असं दिसेल, आणि तिथे युरियाचं पोतं मिळणार नाही.

दुसरी अडचण नावांची. 2022 पासून किरकोळ खत दुकानांचं टप्प्याटप्प्याने ‘प्रधानमंत्री किसान समृद्धी केंद्र’ होत आलंय. बोर्ड बदलला की फोटो काढून नकाशावर टाकणारा माणूस तेच नाव लिहितो. मग एकाच नावाच्या दहा नोंदी दिसतात, आणि नुसत्या नावावर दुबार काढायला गेलात तर दहाची एक होईल. जुन्या नावांचंही तसंच. महालक्ष्मी, बळीराजा, शेतकरी, गणेश ही नावं दर दोन-चार गावांत एकदा आहेतच. उलट, एकाच कुटुंबाचे दोन-तीन परवाने भावाच्या, बायकोच्या नावावर असतात आणि काउंटर एकच. बी-बियाणे, खत, कीटकनाशक असे तीन परवाने वेगळे, हे लक्षात घ्या, म्हणजे ही भानगड कळेल.

मी दुबार काढतो ते फोन नंबरवर. अधिक एक्याण्णव, पुढचा शून्य, रिकाम्या जागा काढून शेवटचे दहा आकडे ठेवायचे. दहाच्या दहा जुळले आणि ठिकाणं शंभर-दीडशे मीटरच्या आत असली तर दुकान एकच. नंबर जुळला पण दोन ठिकाणांत पाच किलोमीटर असतील तर ती शाखा असेल किंवा एक ठिकाण चुकीचं असेल. ते हाताने बघायचं.

कॉन्फिडन्सच्या आकड्यावर फार विसंबू नका. ती जागा खरंच अस्तित्वात असल्याची शक्यता तो सांगतो. पिन बरोबर जागी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. अगदी तळाचे उडवा, बाकीचे राहू द्या. हजेरीपटाशी नाव जुळलं की कॉन्फिडन्स कमी असला तरी नोंद खरी.

लिपीकार

वरच्या उत्तरात थोडी तांत्रिक भर. नाव जुळवण्याआधी दोन्ही बाजूंचं लेखन एकसारखं करून घ्या. कृषी आणि कृषि, केंद्र आणि केन्द्र हे संगणकाला वेगवेगळे शब्द आहेत. ‘ॲ’ दोन-तीन प्रकारे टंकलेला असतो, दिसायला सारखा. रोमन लिपीत तर कृषी, क्रुशी, क्रिशी अशी सगळी रूपं सापडतात, आणि सेवातला ‘व’ कुणी व्ही वापरून लिहितं, कुणी डब्ल्यू. जतच्या पूर्व भागात कन्नड लिपीतली नावंही येतील. मी ‘कृषी सेवा केंद्र’, ‘ट्रेडर्स’, ‘ॲग्रो’, ‘एजन्सी’ हे शब्द काढून टाकतो आणि उरलेलं विशेषनाव एका गावाच्या आतच जुळवतो.

कृषी विभागाची परवानाधारकांची पीडीएफ कुठे मिळाली तर आधी एक ओळ कॉपी करून बघा. जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये असेल तर चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा कचरा येतो. तो युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्या.

शिवार_जत

मनापासून आभार. ई-उर्वरकची यादी उतरवली. होलसेलर काढले, सोसायट्यांना वेगळा कोड दिला, फोन नंबरवर बरेच दुबार गेले. ज्यांची जागा कुठल्याच संचात मिळाली नाही त्यांचे पत्ते एका फुकट जिओकोडरला (पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणारी सेवा) दिले. आता दोन गोष्टी विचित्र दिसतायत. जत शहरात एकाच ठिपक्यावर दुकानांचा ढीग बसलाय. आणि काही दुकानं थेट बुलढाण्यात गेलीत! शिवाय दोन-तीन तर नकाशावरूनच गायब आहेत.

माजी_टेरिटरी

बुलढाण्याचं सोपं आहे. आपल्या जत तालुक्यातही शेगाव आहे. जिओकोडरला गजानन महाराजांचं शेगाव जास्त ओळखीचं, तो सगळ्यांना तिकडे वारीला पाठवतो. पत्त्यात तालुका आणि जिल्हा घाला, आणि जिल्ह्याबाहेर पडलेलं प्रत्येक उत्तर बाद करा. गायब झालेली दुकानं उत्तर ध्रुवाकडे शोधा. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली की 17 आणि 75 चं 75 आणि 17 होतं, आणि आपलं दुकान नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उघडतं.

ढिगाकडे मात्र नीट बघा, कारण अख्खा नकाशा त्यानेच फसतो. जिओकोडरला ‘मु. पो. अमुक, ता. जत’ यातलं ‘अमुक’ सापडलं नाही तर तो ‘नाही सापडलं’ असं म्हणत नाही. तो एक पायरी वर जातो आणि पिनकोडचा किंवा तालुक्याचा मध्यबिंदू देतो. एका पिनकोडात अनेक गावं असतात. म्हणजे पंचवीस किलोमीटरवरच्या वाडीतलं दुकान जत स्टँडच्या आसपास येऊन बसतं. शहर आहे त्याहून भरलेलं दिसतं आणि वाडी रिकामी, आणि तुमचं मंडळ त्या वाडीत केंद्र काढायला निघेल.

ओळखायचं असं: अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत ठेवून सारख्या नोंदी मोजा. पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर. एका कॉम्प्लेक्समधली दोन दुकानं तिथे जुळतील, दहा जुळणार नाहीत. दोनच दशांश असलेली नोंद दिसली तर तीही संशयित, तिथे किलोमीटरभर इकडेतिकडे होतं. खरा घोळका वेगळा दिसतो. सांगलीचं मार्केट यार्ड उघडून बघा, दुकानं दाट आहेत पण ठिपके गाळ्यागाळ्याने पसरलेले.

मग ‘अचूकता’ नावाचा रकाना करा आणि त्यात चारच शब्द: इमारत, गावठाण, पिनकोड, तालुका. सोसायट्यांसाठी गावठाणाचा मध्य खुशाल घ्या. सोसायटी चावडीपासून फार लांब नसतेच, आणि तुम्ही किलोमीटरात अंतर मोजताय, दोन-तीनशे मीटरने काही बिघडत नाही. पिनकोड आणि तालुका लिहिलेल्या नोंदी अंतराच्या हिशोबात घेऊ नका. त्या विक्रेत्यांना फोन लावा. ‘दुकान कुठल्या फाट्यावर आहे’ एवढं विचारलं की पुरतं, दुकानदार आनंदाने सांगतो, त्याला वाटतं गिऱ्हाईक आहे.

ढीग उलगडला की अंतर सरळ रेषेत मोजू नका. मोजायचंच असेल तर प्रोजेक्शन (मीटरात मोजण्यासाठी नकाशा सपाट करायची पद्धत) यूटीएमचा 43 उत्तर हा पट्टा घ्या, क्यूजीआयएसमध्ये त्याचा कोड ईपीएसजी 32643. तुमचे तिन्ही तालुके त्यात आरामात बसतात (नागपूरवाल्यांनी हे वाचून तसंच करू नये, त्यांचा पट्टा 44 आहे). पण आटपाडीत माण नदी आणि कवठेमहांकाळला अग्रणी आहे. पावसाळ्यात समोरचं गाव दिसतं, पण जायला फेरा पडतो. ओपनस्ट्रीटमॅपचं दुकानांचं काम तोकडं असलं तरी रस्ते त्यातलेच घ्या आणि ओएसआरएम या रस्त्याने अंतर काढणाऱ्या साधनावर अंतर काढा.

साठा शून्य दिसला म्हणून विक्रेता बंद समजू नका. आजची यादी जपून ठेवा, पेरणीच्या तोंडावर पुन्हा उतरवा. दोन्ही हंगामांत ज्याच्याकडे एक पोतंही आलं नाही त्याचा परवाना फक्त भिंतीवर आहे.

शिवार_जत

ढीग सापडला, अगदी तुम्ही म्हणता तसाच. तालुक्याच्या मध्यबिंदूवर बसलेले सगळे पूर्व भागातले निघाले. फोन सुरू केलेत. एक शेवटचं विचारते: दुकानांचा थर जिल्ह्याच्या सीमेवर कापला तर चालेल ना? नकाशा सुटसुटीत दिसेल.

माजी_टेरिटरी

गावं कापा, दुकानं कापू नका. उमदीचा माणूस जतला कशाला जाईल, त्याला सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं चडचण जवळ. अंगठा आधारचा आहे, त्याला राज्य लागत नाही. सीमेबाहेर वीसेक किलोमीटरचा पट्टा राखा. कर्नाटकातल्या विजयपूर आणि बेळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या उतरवा, अथणी बेळगावात येतं. वरच्या अंगाला आटपाडीसाठी सोलापूर आणि साताराही घ्या. छापताना ते ठिपके फिकट करा, हिशोबात मात्र राहू देत.