सायकलच्या कसरती कशा शिकलात? अनुभव सांगा

माझी मुलगी ११ वर्षांची. सायकलचं पुढचं चाक उचलून चालवायचं तिने मनावर घेतलंय. मी तिला अडवणार नाही, पण नीट शिकावी अशी फार इच्छा आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. कसे पडलात आणि त्यानंतर काय बदललंत, तेही सांगा.

*

व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवणं, शिकायच्या आधी मी उतरायला शिकलो. चार संध्याकाळी फक्त तेवढंच. सीट खाली, गिअर हलका, किंचित चढाचं गवत. एक जोरदार पेडल मारून चाक वितभर उचलायचं आणि लगेच मागचा ब्रेक दाबायचा. चाक धप्पकन खाली येतं. मागचं चाक अडलं की पुढचं खाली बसतं, हे ऐकून कुणालाही कळतं. पण पाठीवर आपटायची वेळ येते तेव्हा ते बोटाला आठवावं लागतं. म्हणून तर्जनी सतत मागच्या ब्रेकवर. तरीही तोल मागे गेलाच, तर हँडल सोडून मागच्या मागे दोन्ही पायांवर उतरायचं. हेसुद्धा मी मुद्दाम वीस-पंचवीस वेळा केलं. पाय अडकणारे क्लिपचे पेडल असतील तर हे जमत नाही, साधे सपाटच हवेत.

आणि हो, मागचा ब्रेक डावीकडे की उजवीकडे, हे सगळीकडे सारखं नसतं. दुसऱ्याची सायकल घेतलीत तर आधी उभ्याउभ्या दाबून बघा.

*

बनी हॉप, म्हणजे सायकलसकट अडथळ्यावरून उडी, शिकताना मी अडथळा म्हणून वीट ठेवली होती. पुढचं चाक पार झालं, मागचं अडकलं आणि मी हात टेकून पडले. एक्स-रेत काही दिसलं नाही. मुरगळलं असेल म्हणून मी आठवडाभर सायकल चालवत राहिले. पण अंगठा ताणला की मनगटाशी जो खळगा पडतो, तिथे दाबलं की कळ यायची. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडल्याचं दिसलं. या हाडाची चीर पहिल्या फोटोत सुटू शकते आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे ते सावकाश जुळतं. मुलांना कळवळून सांगते, त्या जागी दुखत असेल तर पुन्हा दाखवाच.

आता विटेऐवजी रिकामं खोकं ठेवते. चाक लागलं तर खोकं चेपतं, बास.

*

हेल्मेटबद्दल एकच. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदाच चेपण्यासाठी असतो. माझ्या हेल्मेटचं अस्तर काढलं तेव्हा आत केसाएवढी तडा सापडली.

*

मी पन्नाशीत ट्रॅक स्टँड शिकले, म्हणजे पाय न टेकता जागच्या जागी उभं राहणं. पेडल आडवे, पुढचं चाक थोडं वळवलेलं, समोर अगदी हलका चढ. सायकल मागे सरकली की पुढच्या पेडलवर किंचित भार द्यायचा. सुरुवात याने करा. तोल कुठे जातो ते इथे कळतं, आणि पडलात तरी वेग शून्य असतो.

*

बीएमएक्स फ्रीस्टाइल, म्हणजे छोट्या सायकलवर रॅम्पवरच्या कसरतींची स्पर्धा, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ साली. महिलांच्या अंतिम फेरीत शार्लट वर्दिंग्टन पहिल्या रनमध्ये (फेरीत) ३६० बॅकफ्लिप, म्हणजे हवेत मागे कोलांटी घेता घेता पूर्ण गिरकी, घेताना पडली. दुसऱ्या रनमध्ये तीच उडी तिने पूर्ण केली आणि सुवर्ण जिंकलं. माझा मुलगा तो व्हिडिओ बघून थेट रॅम्पकडे निघाला होता. त्याला समजावलं, अशा उड्या आधी फोमने भरलेल्या खड्ड्यात घेतात, मग मऊ रॅम्पवर आणि त्यानंतर लाकडी रॅम्पवर. वर्षभर तो फोममध्येच उड्या मारतोय आणि खूश आहे.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिच्यासोबत बसून सीट खाली केली. मागच्या ब्रेकची तार सैल निघाली, ती आवळली. उद्यापासून गवतावर, फक्त उतरायचा सराव.