‘मामंजी’ आणि ‘आत्याबाई’: सासरच्या माणसांना माहेरची नाती का?

प्रश्न: माझी आजी सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे, प्रत्यक्षात लग्नाआधी त्या घराशी तिचे काहीच नाते नव्हते. सोलापुरात पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू शेजाऱ्यांकडे आत्या आणि सासू या दोघींना ‘अत्त’ हा एकच शब्द आहे, आणि कानडीतही ‘अत्ते’ तसाच चालतो. मग मराठीने हे शब्द तिकडून उसने घेतले असे समजावे का?

उत्तर: ‘मामा’ हा शब्द हिंदीतही आहे, पण तिथे सासऱ्याला कोणी मामा म्हणत नाही. म्हणून शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाकोणाला लावला जातो, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते, आणि मानववंशशास्त्रातला एक जुना वाद नेमका याच मुद्द्यावर झाला. नातेवाचक शब्द भाषेचे आणि मनाचे व्यवहार दाखवतात, त्यांवरून समाजरचनेचे निष्कर्ष काढू नयेत, असे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी १९०९ मध्ये मांडले. तर निलगिरीतील तोडा लोकांमध्ये काम केलेल्या ब्रिटिश अभ्यासक रिव्हर्स यांनी १९१४ मध्ये उलट दाखवून दिले की, जिथे आते-मामे भावंडांत लग्ने होतात, तिथे मामा आणि सासरा यांना एकच शब्द असणे हा त्या लग्नाचाच परिणाम असतो.

मराठीत मात्र एक पेच आहे. इथल्या अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करणे पसंत केले जाते, आत्याची मुलगी करणे नाही. त्यामुळे मुलीच्या दृष्टीने सासू ही खरोखरच आत्या होते, पण सासरा तिच्या आईचा भाऊ नसून आत्याचा नवरा असतो. आत्याच्या नवऱ्याला ‘आतोबा’ असा वेगळा शब्द असला, तरी पुष्कळ घरांत त्याला ‘मामा’च म्हणतात (आमच्याकडेही तसेच), आणि तिथे ‘मामंजी’ बरोबर बसते.

शंका: मग ज्या आजीचे आधीचे नाते नव्हते, तिचे काय?

उत्तर: तिथे क्रोबर यांची बाजू थोडी जड होते, हे मान्य. सुनेने सासू-सासऱ्यांचे नाव घ्यायचे नसे, हाक तर मारावी लागे. तेव्हा रूढ असलेला आदराचा शब्द नाते नसलेल्या घरांतही चालला.

पण पूर्ण दक्षिणी पद्धत आपल्याकडे आलेली नाही. तेलुगूत चुलत आणि मावस भावंडांना सख्ख्यांचेच शब्द लावतात, तर आते-मामे भावंडांना ‘बाव’ (मेहुणा), ‘मरदलु’ (मेहुणी) असे लग्नाच्या नात्याचे. मराठीत मात्र चारही बाजूंना ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ जोडले जाते, म्हणजे जिच्याशी लग्न होऊ शकते तीही ‘मामेबहीण’च. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांमधल्या मध्य विभागात घातले, त्याचे एक कारण या गुंत्यात दिसते. भाषेने मात्र तो आपल्यापुरता सोडवला आहे: ‘त्याने मामाची मुलगी केली’ असे सर्रास ऐकू येते, ‘मामेबहीण केली’ असे कोणी म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही.