नवख्याने ई-ड्रम रेकॉर्ड करताना आधी मिडी की आधी आवाज?

जुळेसोलापूर_ड्रम्स

सोलापुरात ई-ड्रम घेणारी पोरं वाढली आहेत. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट लावला तर शेजारी दार वाजवणारच, म्हणून जाळीचे पॅड आणि कानाला हेडफोन. थोडा हात बसला की सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच: कॉम्प्युटरवर रेकॉर्ड कसं करायचं? आणि ज्याला विचाराल तो म्हणतो, आधी साउंड कार्ड (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा वेगळा डबा) घे. मला हे पटत नाही. नवख्याने आधी मिडी रेकॉर्ड करावं, साउंड कार्डाचं नंतर बघता येतं.

बहुतेक नव्या मोड्यूलला (पॅडच्या वायरी जिथे जातात आणि ड्रमचा आवाज जिथून निघतो तो डबा) मागे यूएसबीचं चौकोनी भोक असतं, प्रिंटरला लागते तीच वायर तिथे बसते. त्यातून मिडी जातं. मिडीत आवाज नसतो. कुठल्या पॅडवर, कधी आणि किती जोरात काठी पडली, एवढाच हिशोब असतो. जोर 1 ते 127 मध्ये मोजला जातो, आणि किक 36, स्नेअर 38, बंद हाय-हॅट 42 असे नंबर ठरलेले आहेत. एक स्नेअर चुकली तर तेवढाच ठोका हलवता येतो, सगळं परत वाजवायला लागत नाही. किटचा आवाज आवडला नाही तर अख्खं किट बदला, वाजवलेलं तसंच राहतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, विंडोजवर रीपर 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं. ऑडासिटीच्या नादी लागू नका, त्यात मिडी रेकॉर्ड होत नाही.

आता नेहमीची तक्रार: "काठी मारली की आवाज उशिरा येतो." कॉम्प्युटरमधला ड्रम ऐकत वाजवलं तर येणारच. म्हणून वाजवताना तो बंद ठेवा आणि हेडफोन मोड्यूललाच लावा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक साधी वायर मोड्यूलच्या 'मिक्स इन'मध्ये घाला, म्हणजे गाणं आणि क्लिक (लय धरायची टकटक) त्याच हेडफोनात येतात. ड्रमचा आवाज मोड्यूलचा, त्यामुळे काठीबरोबरच ऐकू येतो. कॉम्प्युटरमध्ये नुसतं मिडी साठतं. ड्रमचं सॉफ्टवेअर वाजवून झाल्यावर लावा. ब्लूटूथ हेडफोन मात्र अजिबात नको.

ऑक्टापॅडवाला

दादा, तुमचं म्हणणं ड्रमसेटपुरतं ठीक आहे. आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मंडळाच्या बँजो पार्टीत वाजवणाऱ्यांच्या पुढे काय असतं? ऑक्टापॅड. माझा एसपीडी-20 आहे. त्याला यूएसबीच नाही, मागे गोल पाच पिनांचं मिडीचं भोक आहे, त्याला वेगळी वायर आणावी लागते.

आणि समजा आणली. माझ्या आठ पॅडवर ढोलकी, ढोलक, घुंगरू असं लावलेलं आहे. त्याचं मिडी घेऊन फुकटच्या ड्रम किटवर टाकलं की ढोलकीच्या थापेला टॉम वाजतो आणि घुंगराला झांज. ढोलकीचा जो आवाज मी पॅचमध्ये (पॅडवर साठवलेल्या आवाजांच्या मांडणीत) बसवून बसवून घडवला, तोच तर रेकॉर्ड करायचा आहे! आमच्यासारख्यांनी ऑक्टापॅडच्या एल आणि आर (डाव्या-उजव्या आवाजाच्या भोकां) मधून दोन वायरी सरळ साउंड कार्डात घालाव्यात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते माइकसाठी असतं, तिथे बहुतेक वेळा डावं-उजवं एकच होतं आणि जोराच्या थापेला आवाज फाटतो.

पूर्वभाग_सोलापूर

मी मिडीच्या बाजूचा. आमच्या घराखाली यंत्रमाग चालतात. माइक लावून काही रेकॉर्ड करायचं तर प्रत्येक टेकमध्ये मागाची खटखट. ई-ड्रम घेतला तो याचसाठी, पॅडमधून खोलीचा आवाज जातच नाही. पण एल-आर मधून आवाज घेतला की दुसरंच दुखणं: वायरिंग जुनं, अर्थिंग नावापुरतं, त्यामुळे तळाशी सतत 'घूंऽऽ' ऐकू येतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतला की ते जातं, पण माझी बॅटरी दोन गाणी पुरत नाही. मिडीत हा प्रश्नच नाही, कारण मोड्यूलमधून आवाज घेतलाच जात नाही.

हलगी_बाळीवेस

मला वायरीपेक्षा सवयीची काळजी वाटते. मिडी आलं की क्वान्टाइझ आलं, म्हणजे ठोके आपोआप लयीच्या रेषेवर सरकवणं. बटण दाबलं, सगळे ठोके रेषेवर. नवीन पोरगं एक कडवं कसंबसं वाजवतं, बटण दाबतं आणि स्वतःला तयार समजतं.

मिरवणुकीत लेझीमपुढे हलगी वाजते ती नीट ऐका. बारीक काठीचा ठोका किंचित आधी पडतो, जाड काठीचा किंचित रेंगाळतो, आणि पाय उचलले जातात ते त्या ओढीवर. तीच लय पॅडवर वाजवून सोळाव्या भागाच्या (पाव मात्रेच्या) चौकटीत बसवून बघा, लेझीम खेळणाऱ्याचा पाय उठणार नाही. आवाज थेट रेकॉर्ड केला की चूक लपत नाही. परत वाजवावं लागतं, आणि परत वाजवण्यानेच हात तयार होतो. शिकणाऱ्याने पहिलं वर्ष तरी आवाजच रेकॉर्ड करावा, असं माझं ठाम मत आहे.

जुळेसोलापूर_ड्रम्स

हलगीबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन्शब्द मान्य. पण दोष बटणाचा नाही. क्वान्टाइझ न करता मिडी ठेवता येतं, आणि करायचंच असेल तर अर्धवट, म्हणजे ठोका रेषेकडे निम्माच सरकवायचा, असंही करता येतं. उलट शिकणाऱ्याला आपली चूक डोळ्यांनी दिसते ती मिडीतच. डावा हात प्रत्येक वेळी हलका पडतो हे कानाला चटकन कळत नाही. पडद्यावर उजव्याचे ठोके 100 च्या आसपास आणि डाव्याचे 60-65 दिसले की काय घोटवायचं ते कळतं.

होटगीरोड_रेकॉर्डिंग

मूळ लेखात एक गोष्ट अर्धी सांगितली आहे. गाणं लॅपटॉपमधून बाहेर पडायलाही वेळ लागतो. उशिरा ऐकू आलेल्या गाण्यावर तुम्ही अगदी अचूक वाजवलं तरी कॉम्प्युटरच्या हिशोबात मिडी मागेच पडतं. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) गठ्ठ्याने बाहेर सोडतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर 256 च्या बफरला सुमारे 5.8 मिलिसेकंद जातात, 1024 ला 23. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर जातो, म्हणजे 23 मिलिसेकंद हे आठ मीटरवरचा ढोल ऐकण्याइतकं अंतर झालं. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सोळावा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो, त्यात 23 ची चूक कानाला नक्की टोचते.

चांगल्या साउंड कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) हा उशीर सॉफ्टवेअरला कळवतो आणि सॉफ्टवेअर तो आपोआप भरून काढतं. म्हणून मी तरी साउंड कार्ड आधी घ्या असंच सांगेन, मिडी वापरणार असाल तरीही. ते येईपर्यंत एक करा: क्लिकवर नुसती स्नेअर वाजवून रेकॉर्ड करा. सगळे ठोके सारख्याच अंतराने मागे दिसले तर अख्खा ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवा. कधी पुढे, कधी मागे दिसले तर ते हाताचं आहे, तिथे सरकवून भागत नाही.

पूर्वभाग_सोलापूर

हा स्नेअरचा उपाय लै कामाचा आहे. पण मग साउंड कार्डाशिवाय भागतं हेच तुम्ही दाखवलंत की!

ऑक्टापॅडवाला

ड्रमसेटचं भागेल. ढोलकीचं भागत नाही. मिडी आणि आवाज दोन्ही एकदम रेकॉर्ड करा असंही आता कोणी सांगेल, म्हणून आधीच लिहितो: नवख्याला ते सांगू नका. दोन ट्रॅक जुळवण्यातच त्याची संध्याकाळ जाते आणि वाजवायचं राहून जातं. ऑक्टापॅड असेल तर आवाज घ्या, सगळ्यात जोराची थाप मारून मीटर लाल होत नाही एवढं बघा, आणि वाजवा.