रॉक, पंक आणि आपण : हे खूळ डोक्यात शिरलं कुठून?

घरात लता-आशा, भीमसेन, नाट्यगीतं. मग जुन्या रॉक आणि पंकची चटक आपल्याला लावली कोणी? 'सर्वोत्तम दहा'च्या याद्या नकोत. गाणं कोणी ऐकवलं, कान कशात अडकला, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. गिटारच्या क्लासमध्ये प्रत्येक नवा मुलगा डीप पर्पल या बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती धून बडवायचा. सर वैतागायचे, आम्ही बडवायचो. शब्द फार नंतर नीट ऐकले, तर गाणं म्हणजे चक्क बातमी निघाली. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारं पिस्तूल) उडवली आणि कसिनो जळाला. पर्पलवाले तिथेच रेकॉर्डिंग करणार होते. तळ्यावर पसरलेला धूर तेवढा त्यांच्या वाट्याला आला!

*

आमच्याकडे मामेभावामुळे आलं. कोल्हापुरात एक कॅसेटवाला रेकॉर्डिंग करून द्यायचा. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर एका बाजूला पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), दुसऱ्या बाजूला 'विश यू वेअर हिअर' (१९७५). दोन्ही पाऊण तासाच्या जरा आत संपतात, त्यामुळे फिट्ट बसायचे.

मी तेव्हा तबला शिकत होतो. 'मनी'च्या सुरुवातीला गल्ल्याचा खणखणाट, नाणी, कागद फाटल्याचा आवाज, सगळं ठेक्यात येतं. मांडीवर ताल धरायला गेलो तर चारात बसेना. मोजलं, सात! तीं तीं ना, धी ना, धी ना. बास गिटारही सातात, सॅक्सोफोनही सातात. गिटारचा सोलो आला की स्वारी चारात शिरते आणि मग मुकाट परत सातात. गुरुजींना ऐकवलं. बोटांवर दोन आवर्तनं मोजून म्हणाले, "सम दाखवत नाहीत लेकाचे, पण सुटतही नाहीत." त्यांच्याकडून एवढी दाद आम्हाला कधी मिळाली नव्हती.

*

मुलीने फॅशन स्ट्रीटवरून काळा टीशर्ट आणला. गरुडाचा शिक्का, भोवती चार नावं. कोण गं हे? "माहीत नाही आई, डिझाइन भारी आहे." म्हटलं आपणच बघू. रमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम, १९७६ : १४ गाणी, २९ मिनिटं. ठाण्याला फास्ट पकडली की दादरपर्यंत अख्खा उरकतो. प्रस्तावना नाही, सोलो नाही, वन-टू-थ्री-फोर की सुरू. चौघांचं आडनाव रमोन, पण कुणी कुणाचा भाऊ नाही.

टीशर्ट आता मी ढापलाय.

*

मला पंक झेपत नाही. तीन कॉर्ड आणि आरडाओरडा. लेड झेपेलिन या रॉक बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटं घेतं, पण कुठून कुठे नेतं! ड्रम तर निम्मं गाणं झाल्यावर येतात.

*

वरच्यांना : त्या आठ मिनिटांचाच कंटाळा आला होता हो पंकवाल्या पोरांना.

*

मी लंडनला असतो. ऑफिसातला एक सहकारी, निवृत्तीला आलेला, तरुणपणी पंक. त्याने क्लॅश या पंक बँडच्या 'लंडन कॉलिंग'ची (१९७९) रेकॉर्ड हातात दिली. म्हणाला, मागची यादी वाच, मग शेवटपर्यंत ऐक. शेवटचं 'ट्रेन इन व्हेन' यादीत नाहीच. ते ऐन वेळी घातलं, तोवर कव्हरचं काम झालं होतं. आणि पंक म्हणून ऐकायला बसलो तर त्यात रेगे, स्का, रॉकाबिली, सगळंच!

२०१९ मध्ये इथल्या म्युझियममध्ये या अल्बमचं प्रदर्शन भरलं, तेव्हा कव्हरवर क्लॅशचा पॉल सिमोनन जो बास आपटतोय तोच पाहिला. तुकडे झालेला, नीट दिवे सोडून मांडलेला. फोटोग्राफर पेनी स्मिथना तो फोटो धूसर म्हणून कव्हरवर नको होता, हे कळल्यापासून मला तो जास्तच आवडतो.

*

मुंबईबद्दल कोणीच बोललं नाही? १९७२ मध्ये झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट इथल्या वादकांना घेऊन आपलीच 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी नव्याने रेकॉर्ड करून गेले. अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट २०१५ मध्ये. मला तरी मूळ 'फ्रेंड्स'पेक्षा हेच सरस वाटतं. भांडायचं असेल तर खाली भरपूर जागा आहे.