मदत हवी आहे: वहिनीचा ग्रामपंचायतीचा अर्ज जबरदस्तीने मागे घ्यायला लावतायत

गावाचं, तालुक्याचं नाव देत नाही, समजून घ्या. आमच्या वॉर्डात ओबीसी महिला राखीव जागा आहे. वहिनीने अर्ज भरला, छाननीत वैध ठरला. माघारीची मुदत परवा दुपारी तीनपर्यंत.

छाननीच्या रात्रीच भावकीतले चारजण आले. गोड बोलले. 'गाव बिनविरोध करू, आमदार निधी देणारेत, तुमच्या एका अर्जानं अडलंय.' दादा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला देवळात बोलावलं आणि 'माघार घेतो म्हणून भंडारा उचल' म्हणाले. त्याने उचलला नाही. काल आमच्या शेताच्या वाटेवर ट्रॉलीभर मुरूम ओतलेला. ऊस तोडणीला आलाय आणि मुकादम म्हणतो, मला यात घेऊ नका. रात्री दारासमोर मोटरसायकली रेस करत उभ्या होत्या. शिवी नाही, हात लावणं नाही. पोलीस पाटील विचारतात, तक्रार कशाची लिहू?

मी पुण्यात. आज वहिनीने फोनवर सांगितलेलं ऐकून पोटात गोळाच आला. अर्जाचे कागद ज्याने जमवून दिले, त्याने 'लागतील' म्हणून दोन कोऱ्या कागदांवर तिच्या सह्या घेतल्यात. तो आता समोरच्या पॅनलबरोबर फिरतोय. अर्जावर सूचक म्हणून सही दादाच्या चुलतभावाची, त्याचा फोन कालपासून बंद.

त्या सह्यांवर परस्पर माघार होऊ शकते का? वहिनीला दोन दिवस पुण्याला आणू का?

निवृत्त अव्वल कारकून: पुण्याला अजिबात नेऊ नका. ती गावात नसली की त्यांचं फावलंच. माघार उमेदवाराने स्वतः द्यायची, नाहीतर तिने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने. तो 'लेखी अधिकार' तुमच्या कोऱ्या कागदावर उमटायला दोन मिनिटं पुरतात. उद्या कार्यालय उघडताच वहिनींना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर उभं करा. अर्जात लिहा: मी कोणालाही माघारीचा अधिकार दिलेला नाही, माझ्या सहीचे दोन कोरे कागद अमक्याकडे आहेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळेसह पोच घ्या. पोच न घेता बाहेर पडू नका.

पोलीस ठाण्यात 'त्रास होतोय' असं मोघम नको. भारतीय न्याय संहिता, कलम १७१, निवडणुकीत दडपण आणणं. उमेदवाराला देवाच्या कोपाची भीती घालणंही त्यात येतं, तेव्हा भंडाऱ्याचा प्रकार लिहाच.

काळी माती: बिनविरोध झालं तर वाईट काय? खर्च वाचतो, भांडणं टळतात.

बांधावरचा: मुरूम टाकून? मतदान झालं तर गावाला नोटाचं, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही'चं बटण तरी असतं. बिनविरोधात ते बटणच गावाला मिळत नाही.

धागाकर्ते, राज्य निवडणूक आयोग हलतो, पण पुरावा दिसला की. जानेवारी २०२१ मध्ये नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथल्या निवडणुका रद्द झाल्या, कारण सरपंचपदाच्या लिलावाचा गवगवा झाला होता. लिलावाचा व्हिडिओ निघतो, भीतीचा निघत नाही. म्हणून ढिगाचा फोटो, गाड्यांचे नंबर, आलेले फोन, सगळं वेळेसकट ठेवा. आणि 'नंतर कोर्टात बघू' डोक्यातून काढा. पश्चिम बंगालमध्ये २०१८ला पंचायतीच्या वीस हजारांवर जागा बिनविरोध गेल्या. अर्जच भरू दिले नाहीत, अशी विरोधकांची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या जागांची निवडणूक रद्द केली नाही, निवडणूक याचिका करा म्हणाले.

धागाकर्ता: रात्रीच निघालो. पोच मिळाली, ११ वाजून १० मिनिटांची. अधिकाऱ्यांनी वहिनीला समोर बसवून सही करून घेतली. ठाण्यात अर्ज घेतला, नोंद मात्र 'चौकशी करून' म्हणाले. चुलतभावाचा फोन अजून बंदच आहे. उद्या तीन वाजेपर्यंत तिने तहसीलच्या आवारातच बसून राहावं की घरी? बसलीच, तर शेजारी कोणाला ठेवू? दादाला बघून ते चिडतात.