अ‍ॅक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताय? थांबायचं कधी, हे आधी ठरवा

पाटीपेन्सिल

मायग्रेन, कंबरदुखी, मानदुखी यांवर गोळ्या खाऊन वैतागलेली माणसं अ‍ॅक्युपंक्चरकडे वळतात आणि पहिल्याच भेटीत वीस सिटिंगचं पॅकेज गळ्यात पडून घरी येतात. म्हणून हा धागा. माझं मत असं की करून बघायला हरकत नाही, पण मोजक्या दुखण्यांसाठी, निदान आधी झालेलं असताना, आणि कुठे थांबायचं ते पहिल्या सुईआधी ठरवून. सहा सिटिंग करा, आठवड्याला एक किंवा दोन. तोवर फरक नसेल तर बंद.

फरक वहीत दिसला पाहिजे. मायग्रेन असेल तर उपचारांच्या चार आठवडे आधीपासून डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या लिहून ठेवा. कंबर असेल तर न उठता किती मिनिटं बसता येतं, किती चालल्यावर थांबावं लागतं, आणि झोपताना 0 ते 10 मध्ये दुखणं किती. "जरा हलकं वाटतंय" ही नोंद नव्हे.

जाताना रिकाम्या पोटी जाऊ नका, तास-दोन तास आधी थोडं खा. कोपर आणि गुडघ्यापर्यंत सहज वर जातील असे कपडे घाला. पहिलं सिटिंग झोपूनच घ्या, खुर्चीत नको. बसलेल्या माणसाला भोवळ आली तर तो सुयांसकट खाली येतो.

आणि हे न विचारता सांगा: रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, गरोदरपण, फिट्स, मधुमेहाने बधिर झालेले पाय, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या तर त्या बाजूचा हात, निकेलची अ‍ॅलर्जी, आणि इंजेक्शन बघून चक्कर येण्याची सवय.

शंकासुर

वही ठेवा, कपडे सैल घाला, सगळं बरोबर. मूळ प्रश्नाला मात्र बगल दिलीत. सुई बरोबर जागी टोचली आणि भलत्या जागी टोचली, यात फरक किती पडतो?

जर्मनीतला कंबरदुखीवरचा गेराक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 1162 रुग्ण, तीन गट. सहा महिन्यांनी सुधारणा दिसली ती खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात 47.6 टक्के लोकांत, खोट्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात 44.2 टक्के लोकांत, आणि गोळ्या-व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांच्या गटात 27.4 टक्के लोकांत. खोटं म्हणजे ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्या सुया. म्हणजे पेशंट पैसे मोजतो ते आडवं पडून राहण्याचे, कुणीतरी अर्धा तास लक्ष देण्याचे आणि अपेक्षेचे.

सुईकर

शंकासुर, आकडे बरोबर आहेत, पण तिसरा आकडा तुम्ही घाईत मागे टाकलात. वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्या माणसाला 47 विरुद्ध 27 हा फरक लहान नाही. आणि भलत्या जागी टोचलेली सुई म्हणजे साखरेची गोळी नव्हे. कातडीत सुई गेली की तिथल्या नसा उद्दीपित होतात, आसपास रक्तपुरवठा वाढतो, मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा संदेश थोडा दबतो. त्यामुळे "खोटी" सुईही काहीतरी करतेच.

पहिल्यांदा येणाऱ्याला सुईची भीती असते, म्हणून मापं देतो. बहुतेक ठिकाणी 0.25 मिलिमीटर जाडीची सुई वापरतात, चेहऱ्यावर 0.16 ते 0.20. दवाखान्यात इंजेक्शनला वापरतात ती 23 गेजची सुई साधारण 0.6 मिलिमीटर जाड आणि पोकळ असते. ही भरीव असते, तिच्यातून काहीही आत सोडलं जात नाही. प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवून वरून टिचकी मारतात, तेवढाच टोचल्याचा भास. मग नळी काढून सुई खाली नेतात. तिथे जड, ओढल्यासारखं, कधी मुंग्या आल्यासारखं वाटतं. चिनी परंपरेत याला 'द ची' म्हणतात आणि ते अपेक्षित आहे. विजेचा झटका पायाच्या बोटापर्यंत सळसळत गेला तर मात्र सुई नसेला लागली आहे. तोंडाने लगेच सांगायचं, सहन करत पडायचं नाही. सुया 15 ते 30 मिनिटं ठेवतात.

पाटीपेन्सिल यांच्या सहा सिटिंगशी मात्र मी सहमत नाही. कंबर-मानेला तो आकडा चालेल. मायग्रेनला नाही. महिन्याला पाच झटके येणाऱ्याला एखाद्या महिन्यात आपसूकच तीन येतात, तीन आठवड्यांत काय कळणार? उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने डोकेदुखीसाठी 2012 मध्येच 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत सिटिंग असं लिहून ठेवलंय.

शंकासुर

खोटी सुईही काम करते म्हणताय ना? मग अंगावरचे 361 बिंदू, त्यांना जोडणारे चौदा मार्ग, नाडी आणि जीभ बघणं हा सगळा नकाशा कशासाठी? कुठेही टोचा.

सुईकर

"कुठेही" नाही. 2012 साली 29 चाचण्यांमधल्या 17,922 रुग्णांचा मूळ डेटा एकत्र करून विश्लेषण झालं. दुखणं 100 पैकी 60 वर आहे असं धरा. अ‍ॅक्युपंक्चर न घेतलेले साधारण 43 वर आले, खोटं घेतलेले 35 वर, खरं घेतलेले 30 वर. चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या मायग्रेनवरच्या 2016 च्या आढाव्यातही तेच चित्र आहे. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते खऱ्या सुयांनी 100 पैकी 50 जणांत, खोट्यांनी 41 जणांत.

खऱ्या-खोट्यातली दरी छोटी आहे, मान्य. शून्य नाही. आणि एक बिंदू तर भूलतज्ज्ञांनाही माहीत आहे: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांच्या, मधला. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचा परिणाम औषधांच्या जवळपास जातो, असं त्यावरच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

शंकासुर

35 आणि 30. शंभरातल्या पाच गुणांचा फरक पेशंटला जाणवतो का, हा खरा प्रश्न. तरीही एवढं मान्य: दुखणं आणि मळमळ याबाबत बोलायला काही आधार आहे. पण दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? थायरॉइड, मधुमेह, वंध्यत्व, उंची वाढवणे, मूतखडा. तिथे हे आकडे कुठून आणणार? डब्ल्यूएचओने मान्यता दिली असं सांगून 2003 चा जो अहवाल पुढे करतात, त्यावर तेव्हाच टीका झाली होती, कारण त्यात कच्च्या चाचण्याही धरल्या होत्या.

(बाजूला एक: कोटणीसांचा फोटो लावून ही विद्या विकणारे हसू आणतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते, 1938 च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, कोलकात्याला, 1950 च्या दशकाच्या अखेरीस.)

सिस्टर_वसई

आकड्यांची मारामारी चालू द्या, मी सुईबद्दल बोलते. पेशंटने टेबलावरून फक्त पाच गोष्टी बघायच्या, आणि त्या बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं का? त्यावर इओ म्हणजे इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केल्याची खूण, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख दिसते का? हात धुऊन किंवा सॅनिटायझर लावून मगच सुई उचलली का? सुईचा दांडा बोटांत धरला, की पातं? वापरलेली सुई न टोचली जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात पडली, की ट्रेमध्ये परत ठेवली? 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत टोकदार वस्तूंना तो पांढरा डबाच आहे.

"तुमच्या सुया आम्ही तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी उकळून वापरतो" असं कुणी काटकसरीच्या सुरात सांगितलं, तर चप्पल घाला आणि निघा. उकळण्याने निर्जंतुकीकरण होत नाही, आणि डब्यांची अदलाबदल व्हायला एक गर्दीची संध्याकाळ पुरते. हेपॅटायटिस बी च्या साथी अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांतून पसरल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणि मोजा. टोचताना सुया किती, काढताना किती. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतून 2009 ते 2011 या काळात अ‍ॅक्युपंक्चरच्या 325 घटना कळवल्या गेल्या. त्यात सगळ्यात मोठा वाटा अंगात राहून गेलेल्या सुयांचा होता, 31 टक्के. राहते कुठे? केसांत, कानामागे, चादरीखाली झाकलेल्या घोट्याजवळ. उठायच्या आधी डोक्यावरून एकदा हात फिरवायला सांगा.

पाटीपेन्सिल

सिस्टर, हे मूळ धाग्यात हवं होतं. त्या 325 मध्ये चक्कर आणि बेशुद्धी मिळून जवळपास निम्म्या घटना होत्या, म्हणून झोपून घ्या म्हटलं. जांभया, कपाळावर थंड घाम, चेहरा पांढराफटक पडणं ही सुरुवात. सगळ्या सुया काढायच्या, पाय वर, दहा मिनिटं तसंच. पाणी द्यायचं ते नीट शुद्धीवर आल्यावरच.

सुईकर, मायग्रेनचं पटलं. तिथे दहा धरू. पण मग पाचव्याला वही उघडून बघायची, दहाव्याला निर्णय. आणि पैसे प्रत्येक सिटिंगचे वेगळे. आगाऊ भरलेलं पॅकेज माणसाला नवव्या सिटिंगलाही "थोडा गुण येतोय" असं म्हणायला लावतं.

फुप्फुसवाला

एक धोका या धाग्यात अजून आला नाही, आणि खांदा-मान दुखणाऱ्यांनी तो वाचायलाच हवा. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधला मांसल उंचवटा, जिथे दप्तराचा पट्टा बसतो, तिथे टोचण्याची फार पद्धत आहे. त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक आहे. सडपातळ माणसात ते अंतर दोन सेंटिमीटरच्या आतही असू शकतं, आणि सुई सर्रास 25 किंवा 40 मिलिमीटर लांबीची असते. सुई सरळ खाली गेली तर फुप्फुसाला छिद्र पडतं, हवा बाहेर साचते आणि फुप्फुस आकसतं. जाणकार माणूस तिथला स्नायू चिमटीत उचलून धरतो आणि सुई तिरकी, वरवर नेतो. पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये आणि बरगड्यांवरही तीच काळजी. फिजिओथेरपीत ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत तशीच बारीक सुई टोचणं) करतात, त्यालाही हा धोका तेवढाच लागू आहे.

गंमत अशी की टेबलावर काहीच कळत नाही. काही तासांनी, कधी रात्री, श्वास घेताना एका बाजूला टोचतं, कोरडा खोकला येतो, जिना चढताना धाप लागते. लोक समजतात सुया टोचल्याने अंग दुखतंय. तसं नाही. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढा आणि "आज इथे सुया टोचल्या होत्या" हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तोवर विमानात बसू नका.

प्रमाण सांगायचं तर जर्मनीत 2,29,230 रुग्णांच्या पाहणीत हे दोघांना झालं. 8.6 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक थोडं रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं. दुर्मीळ आहे, मान्य. पण एम्फिसिमा (फुप्फुसातले हवेचे कप्पे खराब होण्याचा आजार) असलेल्या जुन्या बिडीवाल्याच्या छातीवर-पाठीवर सुया टाकायला मी तरी हो म्हणणार नाही.

सुईकर

फुप्फुसवाला यांच्याशी शब्दशः सहमत. भर एवढीच की सुई आत असताना खोकायचं नाही, कूस बदलायची नाही, फोन घ्यायला हात वर करायचा नाही. स्नायू आवळला की सुई अडकते किंवा वाकते. अडकली तर ओढायची नसते. शेजारचा भाग हलके दाबत दोन-तीन मिनिटं थांबलं की सुटते. त्यामुळे खोलीत घंटी हवी, किंवा हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणूस हवा. पडदा ओढून तासभर बेपत्ता होणाऱ्याकडे जाऊ नका.

नर्मदाकाठ

सासूबाई 68 च्या, दोन्ही गुडघे झिजलेले, वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू. इथले एक जण म्हणतात अ‍ॅक्युपंक्चरने ऑपरेशन टळेल, पण वॉरफरिन चार दिवस बंद ठेवा. न्यावं का?

शंकासुर

चार दिवस बंद ठेवा म्हणणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. वॉरफरिन ज्याने सुरू केली त्यानेच थांबवायची. आणि ऑपरेशन टळेल हे कशाच्या जोरावर? झिजलेली कूर्चा सुईने परत येत नाही. नाइसच्या 2022 च्या संधिवाताच्या मार्गदर्शक सूचनांत तर गुडघ्याला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट आहे.

सुईकर

आणि जर्मनीत 2007 पासून सरकारी आरोग्य विमा नेमक्या दोनच दुखण्यांसाठी पैसे देतो, जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज. तेच पुरावे बघून दोन देश दोन टोकांना गेले, हेही सांगा की. दुखणं काही महिने कमी होऊ शकतं. झीज भरून येत नाही, यात दुमत नाही.

नर्मदाकाठ, वॉरफरिन म्हणजे पूर्ण बंदी नव्हे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा आकडा, ताजा आणि ठरलेल्या मर्यादेत असावा. बारीक सुया, गुडघ्याच्या सांध्यात एकही नाही, आजूबाजूला वरवर. काढल्यावर प्रत्येक जागा कापसाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही. कपिंग (कातडीवर पेले चिकटवून ओढणं) आणि रक्त काढण्याचे प्रकार नकोत. रात्री गुडघा किंवा पोटरी टणक फुगली तर थेट रुग्णालय.

पाटीपेन्सिल

यात माझी भर: मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम आणि वजन या दोन गोष्टी सुयांबरोबर चालूच ठेवायच्या, नाहीतर सहा सिटिंगनंतर काय कशाने झालं ते कळणार नाही. उपचारकाला नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आणि नोंदणी आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच कसला.

शंकासुर

नोंदणी म्हणजे निदानाची हमी नव्हे, एवढं जोडा. कंबरदुखीबरोबर लघवी अडकणं, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं एकही असेल तर आधी हाडांचे डॉक्टर आणि एमआरआय. पहिल्या दोन लक्षणांना तर त्याच दिवशी, सुयांची अपॉइंटमेंट रद्द करून.